मापुतोचा बुटका किल्ला

खारा_वारा

मी बोटीवर सेकंड इंजिनिअर. गेल्या महिन्यात आमची बोट मोझांबिकच्या राजधानीत, मापुतोला लागली होती. क्रोमचं खनिज भरायचं होतं. पावसाची सर आली की हॅच बंद, लोडिंग बंद, असं करत दोन दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं. कंपनी वैतागली, आम्ही खुश. दोनदा शोअर लीव्ह मिळाली.

बंदराच्या गेटातून बाहेर पडून थोडं चाललं की शहराचा जुना भाग लागतो. त्याला तिथे 'बायशा' म्हणतात, म्हणजे खालची बाजू. तिथे '२५ जून' नावाचा चौक आहे (२५ जून १९७५ हा त्यांचा स्वातंत्र्यदिन). चौकाच्या एका अंगाला पिवळ्या रंगाचं जुनं बैठं घर, त्यात नाण्यांचं संग्रहालय. दुसऱ्या अंगाला किल्ला.

खरं सांगतो, मी आधी तो ओलांडून पुढे गेलो होतो. विजयदुर्ग बघत वाढलेल्या माणसाला हा किल्ला वाटतच नाही. लाल दगडाचा चौकोन, बुटके तट, बाहेर दोन-चार तोफा. आपल्याकडे याला फार तर गढी म्हटलं असतं. तोफांची तोंडं समुद्राकडे, पण समोर रस्ता आणि पलीकडे बंदराच्या भिंती. भराव टाकून टाकून समुद्रच लांब नेलाय. 'फोर्तालेझा' कुठे म्हणून एका बाईंना विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि मागे बोट दाखवलं.

तिकीट किरकोळ. आत मोकळं अंगण, हिरवळ, कडेने खोल्या, तटावर चढायला रॅम्प. चढून एक फेरी मारायला पाच मिनिटंही लागत नाहीत. दुपारचे दोन वाजले होते, ऊन मरणाचं. शाळेची एक सहल सोडली तर कोणी नव्हतं.

अंगणात घोड्यावर बसलेल्या माणसाचा मोठा पुतळा आहे. हा मौझिन्यू दि अल्बुकर्क, पोर्तुगीज घोडदळाचा अधिकारी. पुतळा मुळात इथला नाही. १९४० साली तो शहराच्या मुख्य चौकात, नगरपालिकेसमोर बसवला होता. स्वातंत्र्यानंतर तिथून काढला आणि इथे आणून ठेवला. शेजारच्या भिंतींवर मोठी उठावचित्रं आहेत, तीही त्याच्याच पराक्रमाची. एकात शाइमीत गावचा प्रसंग: २८ डिसेंबर १८९५ रोजी मौझिन्यूने गाझाच्या (दक्षिण मोझांबिकमधलं तेव्हाचं राज्य) राजाला, न्गुंगुन्यानेला, त्याच्याच गावात शिरून पकडलं. पोर्तुगीज त्याला 'गुंगुन्याना' लिहितात.

आणि मग एका खोलीत गेलो तर तिथे शवपेटी. लाकडाची, सगळ्या अंगावर कोरीवकाम. ती या राजाची.

पकडल्यावर राजाला लिस्बनला नेलं, गर्दीतून मिरवलं, आणि मग अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर, तेर्सेरा बेटावरच्या अंग्रा गावी ठेवलं. तिथे त्याला बाप्तिस्मा देऊन 'रेनाल्डो फ्रेडेरिको' असं नाव दिलं. २३ डिसेंबर १९०६ ला तो तिथेच वारला. १९८५ मध्ये, स्वातंत्र्याला दहा वर्षं झाली तेव्हा, राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या सरकारने त्याचे अवशेष मागून आणले. अवशेष म्हणजे काय, तर ऐंशी वर्षांनी हाडं कोणाची कशी ओळखणार? मुख्यतः त्या दफनभूमीतली माती आली, असं तिथलीच माणसं सांगतात.

म्हणजे बघा. ज्याने पकडलं तो अंगणात घोड्यावर, ज्याला पकडलं तो खोलीत पेटीत, मध्ये पन्नासेक पावलं. दोघेही दुसरीकडून आणून ठेवलेले. मी त्या खोलीत जरा जास्तच वेळ थांबलो. सहलीतली पोरं येऊन, पेटीला हात लावून, बाईंचा ओरडा खाऊन निघून गेली.

फोटो फारसे नाहीत, फोन गरम होऊन बंद पडला. अठराव्या शतकातला हा किल्ला इतका ठणठणीत कसा राहिला याचं मात्र आश्चर्य वाटलं. कोणी गेलंय का तिकडे? अजून माहिती असेल तर टाका.

---

शंकासूर

ठणठणीत राहिला कारण तुम्ही पाहिलेला किल्ला आमच्या तीर्थरूपांच्या वयाचा आहे. :) आजचं बांधकाम १९४० च्या दशकातलं. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीला तेव्हा आपला वसाहतींचा इतिहास उजळून दाखवायची हौस होती. जुन्या ठाण्याच्या जागी लाल वालुकाश्मात 'किल्ला असावा तसा किल्ला' उभारला आणि त्यात लष्करी संग्रहालय थाटलं. जागा अस्सल, दगड नवे.

जागेची गोष्ट मात्र मजेची आहे. १७२१ मध्ये डचांनी या उपसागराकाठी ठाणं घातलं. हवा मानवली नाही, माणसं तापाने मेली, १७३० मध्ये गाशा गुंडाळला. मग १७७७ मध्ये कोण यावं, तर ऑस्ट्रियाचा झेंडा घेऊन विल्यम बोल्ट्स. हा गडी आधी बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीत होता, तिथून हाकलला गेला, मग ऑस्ट्रियाच्या महाराणीला पटवून स्वतःची कंपनी काढली. इथे त्याने हस्तिदंताचा व्यापार मांडला आणि तिथून पुढे येऊन आपल्या कारवारलाही वखार घातली.

पोर्तुगीजांना जाग आली तेव्हा त्यांनी १७८१ मध्ये चाळीस तोफांची एक फ्रिगेट आणि पाचशे माणसं पाठवून ऑस्ट्रियनांना उठवलं. ही फ्रिगेट कुठून निघाली? गोव्याहून. त्यानंतर तिथे कायमचं ठाणं झालं, त्या ठाण्याच्या जागी हा किल्ला.

---

मोगरा_दुबई

मस्त लिहिलंय. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).
एक बाळबोध प्रश्न: त्या उपसागराला इंग्रजीत डेलागोआ बे म्हणतात ना? लहानपणी ऐकलं होतं की डेलागोआ म्हणजे 'गोव्याहून', आणि दक्षिण आफ्रिकेतला अल्गोआ बे म्हणजे 'गोव्याकडे'. येता-जाता बोटी थांबायच्या म्हणून.

---

शंकासूर

ही कथा इतकी गोड आहे की खोडताना जिवावर येतं. पोर्तुगीजांचं नाव 'बाइया द लागोआ'. लागोआ म्हणजे तळं, खाजण. गोव्याचा त्यात फक्त ध्वनी आहे.

---

अर्धवट_पेन्शनर

किल्ला राहू द्या, तिथली '२एम' बिअर प्यायलात की नाही? त्या नावातही इतिहास आहे. या उपसागरावर इंग्रज आणि पोर्तुगीज दोघेही हक्क सांगत होते. भांडण फ्रान्सचे अध्यक्ष मॅकमहॉन यांच्याकडे लवादाला गेलं आणि १८७५ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या बाजूने निकाल दिला. मॅक-महॉन, म्हणून दोन एम. कोर्टाच्या निकालाची बाटली जगात दुसरीकडे कुठे मिळत असेल असं वाटत नाही.

---

खारा_वारा

@अर्धवट_पेन्शनर काका, ड्युटीवर असल्याने मौन पाळतो. :)

@शंकासूर, १९४० चं? मी तटाला हात लावून उगाच भारावलो होतो.

---

सत्तरीकर

धागा उशिरा पाहिला. खारा_वारा, तुम्ही तारीख लिहिलीत ती परत वाचा. डिसेंबर १८९५. आम्हां गोव्यातल्या सत्तरीच्या माणसांना ते वर्ष चांगलंच ठाऊक आहे, पण दुसऱ्या बाजूने.

मोझांबिकचा कारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. वेगळा झाल्यावरही लिस्बनची सवय गेली नाही. आफ्रिकेत माणूस कमी पडला की गोव्याकडे हात पसरायचा. शंकासूरने १७८१ चं उदाहरण दिलंच आहे.

तर १८९४ च्या शेवटी मापुतोवर, म्हणजे तेव्हाच्या लोरेन्सो मार्किसवर, आसपासच्या रोंगा टोळ्यांनी हल्ला केला. त्यातले काही सरदार पळून न्गुंगुन्यानेच्या आश्रयाला गेले. पोर्तुगालने युद्ध काढलं. फेब्रुवारी १८९५ मध्ये माराक्वेने, ८ सप्टेंबरला मागुल, ७ नोव्हेंबरला कुलेला, आणि डिसेंबरात शाइमीत. तुमच्या त्या उठावचित्रांतल्या लढाया ह्याच.

याच धामधुमीत गोव्यातल्या देशी पलटणीला हुकूम आला: बोटीत बसा, आफ्रिकेला जायचंय. पलटणीत मराठा शिपाई मोठ्या संख्येने. त्यांनी गाऱ्हाणी मांडली. मागे घरच्यांच्या पोटाचं काय, भत्त्याचं काय, समुद्र ओलांडला तर जातीत घेतील का. ऐकून कोणी घेतलं नाही. सप्टेंबर १८९५ च्या मध्यावर, म्हणजे तिकडे मागुलची लढाई होऊन आठवडाही झाला नव्हता, शिपाई बंदुका-दारूगोळा घेऊन पणजीहून निघाले ते थेट सत्तरीत. नाणूसच्या कोटात ठाण मांडलं. १८५२ मध्ये सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दीपाजी राणे यांनी पोर्तुगीजांकडून जिंकलेला कोट तो हाच. आणि आता दादा राणे त्यांना येऊन मिळाले.

हे बंड इतकं पेटलं की लिस्बनने राजाचा सख्खा भाऊ, प्रिन्स अफोन्सो, याला फौज देऊन गोव्यात धाडलं. एकाच वर्षी एक मोहीम न्गुंगुन्यानेवर आणि दुसरी राण्यांवर. पैसा एकाच तिजोरीतला.

आमच्या गावात राण्यांच्या बंडाच्या गोष्टी म्हातारी माणसं अजून सांगतात. पण शिपायांना नेमकं कुठे आणि कोणाशी लढायला पाठवत होते, हे कोणी सांगत नाही. 'आफ्रिकेत' एवढंच. तुम्ही ज्या पेटीजवळ उभे होतात, त्या पेटीतल्या माणसाशी लढायला.

---

मोगरा_दुबई

बाप रे. काटा आला.

---

खारा_वारा

मी पुतळा बघितला, उठावचित्रं बघितली, तारखा डायरीत लिहून घेतल्या, आणि डोक्यात काहीच पेटलं नाही. राण्यांचं बंड शाळेत एका ओळीत होतं. सत्तरीकर, देव बरें करूं.

---

चाफेकळी

सत्तरीकर, प्रतिसाद उत्तम. पण एक काडी टाकते. 'आमच्या शिपायांनी आफ्रिकी राजाविरुद्ध लढायला नकार दिला' अशी पोस्ट आता दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागेल, खाली झेंडे आणि हात जोडलेले. तसं नव्हतं ना ते? त्यांना त्या राजाचं नावही माहीत नसणार. भत्ता मिळाला असता आणि भटजींनी हो म्हटलं असतं तर ते गेले असते आणि लढलेही असते.

---

सत्तरीकर

चाफेकळीताई, शंभर टक्के. मी 'बंधुभाव' हा शब्द वापरला नाही तो म्हणूनच. पोटाची आणि जातीची भीती होती. पण नाही म्हणाले, हेही खरं. नाही म्हणणाऱ्याचं कारण उदात्तच असायला हवं असं कुठे आहे? दांडा खाणारा कोणत्याही कारणाने दांडाच खातो.

---

चाफेकळी

मान्य. दुसरी काडी: राजाकडेही गुलाबी चष्म्यातून बघायला नको. गाझाचं राज्य न्गुनी लोकांचं. ते स्वतःच दक्षिणेकडून चालून आलेले जेते. सोशांगानेने ते उभारलं, हा त्याचा नातू. चोपी लोकांवर या राज्याने काय काय केलं ते चोपी विसरलेले नाहीत. १९८५ मध्ये पेटी आली तेव्हा त्याला राष्ट्रवीर करणं सगळ्यांना रुचलं होतं असंही नाही. समोरा माशेल स्वतः गाझा प्रांतातले, आणि त्यांचे आजोबा न्गुंगुन्यानेच्या बाजूने लढलेले. तेव्हा त्यात घरचा जिव्हाळाही आला.

---

बेबिंका_प्रेमी

किल्ल्याशी थेट संबंध नाही, पण मापुतोचा विषय निघालाच आहे म्हणून. आमच्या चाळीत एक गुजराती काकी होत्या, माहेर लोरेन्सो मार्किसचं. डिसेंबर १९६१ मध्ये भारताने गोवा घेतला आणि सालाझारने राग काढला तो मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांवर. दुकानं गोठवली, माणसांना छावण्यांत कोंडलं, मग देशाबाहेर घालवलं. काकींच्या वडिलांचं कापडाचं दुकान गेलं ते गेलंच. शेजारच्या गोवेकर कारकुनाला मात्र कोणी हात लावला नाही, कारण त्याचे कागद पोर्तुगीज. काकी सांगायच्या, "तो आणि आम्ही एकाच विहिरीचं पाणी प्यायचो, पण कागद वेगळे होते." गोवा सुटला म्हणून इकडे पेढे वाटले, त्याचं बिल तिकडे कोणी भरलं हे काकी भेटेपर्यंत मला माहीत नव्हतं.

---

शंकासूर

आणि याच्या उलट टोकाला आक्विनो द ब्रागांझा. गोव्यातल्या बार्देशचा माणूस, फ्रेलिमोच्या (मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी आघाडी) लढ्यात सामील झाला, समोरा माशेलचा जवळचा सल्लागार बनला. मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठात आफ्रिकी अभ्यासाचं केंद्र त्यानेच उभं केलं. १९ ऑक्टोबर १९८६ ला माशेल यांचं विमान दक्षिण आफ्रिकेत म्बुझिनीला कोसळलं, त्यात तोही गेला. खारा_वारा यांनी पाहिलेला किल्ला आज याच विद्यापीठाच्या ताब्यात आहे.

---

अर्धवट_पेन्शनर

अजून एक गंमत. शाइमीतच्या विजयाचं पोर्तुगालला इतकं कौतुक की पुढे त्यांनी आपल्या एका चिलखती गाडीला 'शाइमीत' नाव दिलं. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला लष्कराने सरकार उलथवलं, तेव्हा पंतप्रधान कायतानोला बराकीतून याच शाइमीत गाडीत कोंबून बाहेर काढलं. पुढच्या वर्षी मोझांबिक स्वतंत्र. आणि तो घोड्यावरचा मौझिन्यू? त्याने १९०२ मध्येच लिस्बनमध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली होती. पुतळा त्यानंतर अडतीस वर्षांनी.

---

खारा_वारा

अपडेट. वर म्हटलं होतं, शोअर लीव्ह दोनदा मिळाली. आधी लिहिलं ते पहिल्या खेपेचं. दुसऱ्या खेपेला मी बाजारात जाऊन कापुलाना (तिथल्या बायका नेसतात ते छापील कापड) घेणार होतो, पण पाय परत किल्ल्याकडेच वळले होते. तेव्हा सत्तरीची गोष्ट माहीत नव्हती. नुसती ती पेटी डोक्यातून जात नव्हती. त्या वेळचा एक प्रसंग मी वर गाळला होता, कारण त्याचं काय करावं कळत नव्हतं. आता लिहितो.

त्या दिवशी दारावर एक वयस्क राखणदार होते. थोडं इंग्रजी येत होतं, कारण तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत खाणीत होते. मी पेटीच्या खोलीकडे परत निघालेला बघून म्हणाले, "काल पण तूच आला होतास. या राजाचा तू कोण लागतोस?" मी म्हटलं, कोणी नाही, मी इंडियाचा. ते हसले आणि म्हणाले, "मीही कोणी नाही. माझी आजी चोपी." मग हाताने गळ्यापाशी एक खूण केली. मला तेव्हा वाटलं चेष्टा करतायत. चाफेकळी यांचा प्रतिसाद वाचल्यावर आता कळतंय.

मी त्यांना विचारलं, मग रोज इथे बसून त्याला सांभाळायचा कंटाळा नाही येत? त्यांचं उत्तर जसंच्या तसं लक्षात आहे. म्हणाले, "त्याला नाही सांभाळत. पोरांनी घोड्यावर चढू नये म्हणून बसतो."

त्यांच्याबरोबर तटावर जाऊन बसलो. समोर आमच्या बोटीची क्रेन दिसत होती. म्हणाले, मोठ्या चौकात जाऊन ये. जिथे हा घोडा होता तिथे आता समोरा माशेल यांचा पुतळा आहे, नऊ मीटर उंच, २०११ मध्ये उत्तर कोरियाच्या कारागिरांनी केलेला. मी गेलो नाही, पाऊस आला. पाऊस थांबला म्हणजे लोडिंग सुरू होणार, या भीतीने परत फिरलो.

सत्तरीकर, नाणूसला तो कोट अजून आहे का? पुढच्या सुट्टीत गोव्यात आलो तर बघायचा आहे.

---

सत्तरीकर

या की. वाळपईहून जवळच. कोट म्हणण्यासारखं थोडंच उरलंय, झाडीत शोधावं लागतं. तुमच्या मापुतोच्या किल्ल्यासारखा नवाकोरा करून ठेवलेला नाही. पावसाळ्यात येऊ नका, जळवा आहेत.

---

मोगरा_दुबई

मला पण यायचंय. कट्टा ठरवा.

खारा_वारा, खाल्लंत काय तिकडे ते लिहिलंच नाही.

---

खारा_वारा

हाच प्रश्न घरीही पहिला आला. किल्ल्याबाहेर एक बाई टोपलीत पाव आणि भजी विकत होत्या. नाव 'बाज्या'. पावात बाज्या घालून देतात, वर तिखट. माझा विश्वास बसेना. नाव आपलं, आकार आपला, पण चव वेगळी. डाळीचं पीठ नव्हतं, कसलं ते विचारायला भाषा नव्हती. समोशाला 'शामुसा' म्हणतात आणि लोणच्याला चक्क 'अचार'.

---

बेबिंका_प्रेमी

चवळीचं पीठ. तिथे चवळीला 'न्येम्बा' म्हणतात. काकी करायच्या. चवळी रात्रभर भिजवून सालं काढायची, जाडसर वाटायची, लसूण-मिरची-कोथिंबीर, सोडा अजिबात नाही, हाताने खूप फेटायचं. फेटायचा कंटाळा केला की दगड होतात. पाव मात्र तिथल्यासारखा कडक सालीचा हवा, आपला लादी पाव तेल पितो.

---

सत्तरीकर

पोदेराकडचो (पाववाल्याकडचो) उंडो घ्या, कडक सालीचो पाव. काम झालें.